मचाणावरची पौर्णिमा

आमच्या गावाचे नाव ऊर्जानगर. हे नाव ऐकले की पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्यांना वाटते, सूर्योपासना शिकवणाऱ्या एखाद्या स्वामींनी वसवलेला हा आश्रम असावा. तसे काही नाही. चंद्रपूरच्या उत्तरेला, दुर्गापूरच्या कोळसाखाणींना खेटून जे औष्णिक वीज केंद्र उभे आहे, त्याच्या नोकरवर्गासाठी बांधलेली ही वसाहत. केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. पुढे संच वाढत गेले, जुने दोन निवृत्त झाले, आणि आज या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. मीही त्या जुन्या संचांप्रमाणेच निवृत्त झालेला आहे. फरक एवढाच, की त्यांची धग थंडावली आणि माझी अजून घरच्यांना अधूनमधून जाणवते.

या गावात तुम्ही गच्चीवर उभे राहिलात, तर एका बाजूला उंच धुरांडी दिसतात आणि दुसऱ्या बाजूला निळसर काळी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे ताडोबाचे जंगल. दोहोंच्या मध्ये इरई नदीवर धरण बांधलेले आहे. त्याचे पाणी आमच्या केंद्रालाही लागते आणि त्याच जलाशयाच्या काठाकाठाने मोहर्लीकडचे रानही पाणी पिते. आम्ही आणि वाघ असे एकाच घागरीतले भागीदार आहोत. ही भागीदारी तोंडी आहे, कुठे लिहून ठेवलेली नाही. त्यामुळे तंटे होतात.

महाराष्ट्राला आमचा जिल्हा दोन वस्तू पुरवतो : वीज आणि वाघ. विजेचे म्हणाल तर १९९९ साली चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाची एक वाहिनी टाकली गेली. पंधराशे मेगावॅट वीज ती एका दमात पश्चिमेकडे नेऊ शकते. मुंबईच्या एखाद्या गृहिणीने बटण दाबावे आणि तिच्या दिवाणखान्यात पद्मापूरचा कोळसा उजळावा, असा हा चमत्कार. वाघाचे उलट आहे. तो तारेतून पाठवता येत नाही. तो पाहायला लोकांनाच इकडे यावे लागते, आणि ते येतातही. इतके येतात, की सुट्टीच्या हंगामात ताडोबाचे प्रवेशपत्र मिळवणे हे मुलीच्या लग्नासाठी मंगल कार्यालय मिळवण्याहून अवघड होऊन बसते.

माझा एक पुतण्या पुण्यात असतो. वय अठ्ठावीस, संगणकाची नोकरी, आणि शनिवार-रविवार सह्याद्रीतले किल्ले चढण्याचा नाद. एकदा तो मला म्हणाला, "काका, तुमच्याकडे एवढे मोठे जंगल आहे. आपण पाठीवर पिशव्या टाकू आणि तीन दिवस पायी भटकू."

मी त्याला सांगितले, "बाबा रे, राजगडावर तुला कोणी खाणार नाही. इथे पायी फिरायला वाघाची हरकत नसेल. पण सरकारची आहे."

सह्याद्रीतला माणूस डोंगर पायांनी ओळखतो. आमच्या चिमूरकडच्या टेकड्या उंचीने बेताच्या. त्यांच्यावर चढून मर्दुमकी गाजवण्यासारखे फारसे नाही. रामदेगीच्या डोंगरावर भाविक चढतात, तेवढेच. बाकीचे जंगल ओळखायचे ते कानांनी. हे त्याला पटवून देण्यात मला दोन वर्षे गेली. शेवटी मी एक युक्ती काढली. वैशाख पौर्णिमेला वनखाते ताडोबाच्या बफर क्षेत्रात पाणवठ्यांवरच्या मचाणांवर हौशी माणसांना एक रात्र बसू देते. 'निसर्गानुभव' असे त्याचे नाव. अशा एका पौर्णिमेचे मी आमच्या दोघांचे नाव नोंदवले आणि त्याला तार केल्यासारखा संदेश पाठवला : "पायी नाही, बसून. ये."

आता पौर्णिमाच का, हे सांगितले पाहिजे. पूर्वी जंगलातील जनावरांची मोजदाद याच रात्री होई. वैशाखात रानातले ओढेनाले आटलेले असतात, पाणी ठराविक ठिकाणीच उरते आणि चोवीस तासांत एकदा तरी प्रत्येक जनावर तेथे येते. वर पूर्ण चंद्र असतो, म्हणजे दिव्याचा खर्च नाही. दुसरी रीत पायाच्या ठशांची. वाघाच्या पंजाचा ठसा काचेवर उतरवून घ्यायचा, प्लास्टरमध्ये साचा काढायचा, आणि त्यावरून नर-मादी, लहान-मोठा ठरवायचे. पुढे राजस्थानातल्या सरिस्क्यात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, हे २००५ साली उघडकीस आले, तेव्हा या रीतीवरचा विश्वास उडाला. आता झाडांना बांधलेले कॅमेरे वाघाचे फोटो काढतात. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणे वेगळे असतात. त्यामुळे एकच वाघ दोनदा मोजला जात नाही. या नव्या पद्धतीने २०२२ साली देशभर जी गणना झाली, तिच्यात महाराष्ट्रात ४४४ वाघ भरले. त्यांतले ९७ ताडोबा-अंधारी प्रकल्पातले. चार वर्षांपूर्वी राज्याचा आकडा ३१२ होता. तेव्हा मचाणावरची मोजणी आता हौसेची. पण हौसेलाही काही किंमत असतेच. ती आम्ही दोघांनी आगाऊ भरली होती.

*

ताडोबा हे नाव एका माणसाचे आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तारू नावाचा एक गोंड गावप्रमुख होता. तळ्याच्या काठी त्याची वाघाशी झुंज झाली आणि तो मेला. लोकांनी त्याचा देव केला. तळ्याकाठच्या मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे, आणि पौषात तेथे आदिवासींची यात्रा भरत आलेली आहे. म्हणजे पाहा, देशोदेशींचे लोक ज्या जंगलात वाघाच्या दर्शनाला येतात, त्या जंगलाला नाव आहे ते वाघाने मारलेल्या माणसाचे. वाघाला शाप न देता आणि माणसालाही न विसरता हा हिशेब त्या जुन्या लोकांनी कसा मिटवला असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

चांद्याच्या गोंड राजांची आठवणही या रानात उभी आहे. रस्त्याच्या कडेने ठराविक अंतरावर जुने दगडी खांब दिसतात. त्यांच्या माथ्यातून दोर ओवून राजाच्या आगमनाची वर्दी घंटेने पुढे पोचवीत, असे वाटाडे सांगतात. आमच्या पुण्याच्या पाहुण्याला ही गोष्ट सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे त्या काळी इथे रेंज होती!" गाभ्यातल्या जंगलात मोबाईल नेण्यास बंदी असल्यामुळे आदल्या दिवशीच्या जिप्सीच्या फेरीत त्याचा जीव कासावीस झालेला होता.

या जंगलात शिकार १९३५ साली बंद झाली. १९५५ साली ११६ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. ते महाराष्ट्रातले पहिले. १९८६ साली शेजारचे अंधारी अभयारण्य झाले, १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१० मध्ये त्याच्या भोवती अकराशे चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र आखले गेले. बफर हा शब्द आता आमच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्याही बोलतात. गाभ्यात वाघ राहतो, बफरमध्ये वाघ आणि माणूस दोघेही राहतात. गाभ्यातली काही गावे उठली. बोटेझरीचे लोक २००७ मध्ये भगवानपूरला गेले; पुढे नवेगाव आणि जामणीही हलले. उठलेल्या गावांच्या शिवारात आता गवत वाढले आहे आणि त्यावर चितळांचे कळप चरतात. गाडीतून जाताना मधूनच एखादे आंब्याचे वा चिंचेचे झाड दिसले, की समजावे, येथे कोणाचे तरी अंगण होते.

*

मचाणाच्या दिवशी दुपारी आम्ही पद्मापूर, आगरझरी करीत निघालो. पारा शेहेचाळिसावर होता. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कावळासुद्धा सावली सोडत नाही. पळसाची पाने सुकून वाजत होती. मोहाची फुले वेचून झाली होती, आणि तेंदूपानांचा हंगाम संपत आला होता. वाटेतल्या एका गावाच्या फळीवर पानांचे पुडे ओळीने उन्हात मांडलेले होते. बायका डोक्यावरचे ओझे उतरवून मोजणी करून घेत होत्या.

वनखात्याच्या चौकीवर नियमांचे वाचन झाले. भडक कपडे नकोत, अत्तर नको, विडी-सिगारेट नको, बोलणे नको, मचाणावरून सकाळपर्यंत खाली उतरायचे नाही. पुतण्याने अंगाला काय काय फवारले होते कोण जाणे; त्याला हौदावर नेऊन दोनदा धुवावे लागले. त्याच्या कॅमेऱ्याची लांबलचक नळी पाहून वनरक्षक म्हणाला, "भाऊ, हे ठेवा; पण रात्री दिवा मारायचा नाई." तेव्हा त्या तोफेची दारूगोळ्यावाचून तोफ झाली.

आमच्याबरोबर मचाणावर बसायला जो वाटाड्या मिळाला, त्याला सगळे मामा म्हणत. पन्नाशी उलटलेला, काटक, बफरमधल्याच एका गावचा. खाकी सदरा, गळ्यात दुर्बीण, पायांत रबरी चपला. दोन एकर शेती आणि हे काम, एवढ्यावर त्याचे घर चाले. शिडीवरून आम्ही वर चढलो. बारा-पंधरा फुटांवर फळ्यांचा माचा, वर गवताचा आडोसा, समोर पन्नास पावलांवर खोलगट पाणवठा. मामांनी छापील तक्ता गुडघ्यावर घेतला. त्यात रकाने होते : वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्ले.

पहिला तास कंटाळ्याचा गेला. पुतण्या दर पाच मिनिटांनी घड्याळ पाही. पण ऊन कलू लागले तशी पाहुण्यांची रीघ लागली. आधी मोर आले. सहा मादींमागून एक नर, लग्नात आहेर घेऊन येणाऱ्या मामासारखा पिसारा सांभाळीत. मग वानरांची टोळी उतरली. त्यांच्यातला एक प्रौढ वानर ऐनाच्या झाडावर पहाऱ्याला राहिला, आणि बाकीच्यांनी ओळीने वाकून पाणी प्यायले. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची असते. ते झाड मी पुतण्याला बोटाने दाखवले. चितळे आली, रानडुकरे आली. एक सांबर काठाशी येऊन तब्बल वीस मिनिटे नुसते उभे राहिले; एक पाय उचललेला, कान फिरत असलेले. पाणी पाच पावलांवर, तहान घशाशी, आणि तरी ते पुढे जाईना. अखेर दोन घोट घेतले आणि वळले. जंगलातले जनावर पाणीसुद्धा जीव मुठीत धरून पिते, हे पुस्तकात वाचलेले वाक्य त्या वीस मिनिटांत मला कळले.

सूर्य बुडाला आणि समोरच्या सालईच्या मागून चंद्र वर आला. शहरात राहून आपण चंद्रप्रकाश म्हणजे काय ते विसरलेलो असतो. वसाहतीतल्या दिव्यांखाली बत्तीस वर्षे काढलेल्या मला तर तो उजेड पहिल्यांदाच पाहिल्यासारखा वाटला. कडईची पांढरीफटक खोडे हाडांसारखी चमकू लागली. रातवा पक्षी ओळीने ठोके दिल्यासारखा ओरडू लागला. आठच्या सुमारास एक अस्वलीण दोन पिल्ले पाठीवर घेऊन आली, आणि पाणी पिऊन झाल्यावर वारुळ उकरण्यासाठी जी फुंकर मारू लागली, ती आमच्या बॉयलरच्या पंख्याची धाकटी बहीण शोभावी अशी होती. मामांनी तक्त्यात लिहिले : अस्वल, मादी १, पिल्ले २.

दहानंतर पुतण्या फळीवर आडवा झाला आणि घोरू लागला. नियमात घोरण्याविषयी काही लिहिलेले नव्हते. मामा आणि मी जागे राहिलो. अगदी हलक्या आवाजात, ओठांशी ओठ लावल्यासारखे आम्ही बोलत होतो.

क्षितिजावर झाडांच्या वर तांबूस झाक दिसत होती. मी म्हटले, "मामा, ती आमची वीज."

"माईत आहे नं साहेब," मामा म्हणाले. "ते मोठी लाईन आमच्या वावरावरूनच जाते. रात्री खाली उभं राहिलं का सूं सूं वाजते."

"मग तुमच्या पंपाला वीज मिळते ना?"

"मिळते. एक हप्ता दिवसा, एक हप्ता रात्री. रात्रीची पारी आली का रात्रभर वावरात. पाणी वळवाले कोणी तरी लागतेच. एका हातात फावडा, एका हातात बॅटरी. बायको म्हणते, गाणं म्हणत राहा, म्हणजे मले ऐकू येईन तुमी आहा म्हणून."

ही तक्रार नव्हती. पाऊस कमी पडला हे सांगावे तसे ते सांगत होते. बत्तीस वर्षे मी भार, दाब, वारंवारता यांचे आकडे लिहिले. दिवसा कारखाने आणि शहरे वीज ओढतात, रात्री मागणी उतरते, तेव्हा शेतीचा भार रात्री टाकायचा, हे गणित कोणत्याही वीज अभियंत्याला तोंडपाठ असते. त्या गणितात वाघाला जागा नव्हती. शेतीला दिवसा वीज द्यावी म्हणून आता सौर वाहिन्यांची योजना चालू आहे. ती जेथे पोचली आहे तेथे लोकांना रात्री घरी झोपता येते. अशा साध्या गोष्टीने किती जीव वाचतील, याचे गणित कोणी मांडले तर ते मला वाचायला आवडेल.

विजेची दुसरी बाजूही मामांनीच सांगितली. धानात रानडुकरे शिरतात, एका रात्रीत पीक झोपवतात. मग एखादा शेतकरी वैतागून कुंपणाच्या तारेत चोरून प्रवाह सोडतो. डुकरासाठी लावलेल्या तारेला वाघ चिकटतो. कधी शेजारचा माणूसही. "तुमची वीज," मामा म्हणाले, "कोणाले ओळखत नाई."

थोडा वेळ गेला. मग त्यांनी आपण होऊन सांगितले, की त्यांची वहिनी मोह वेचायला पहाटे गेली होती आणि परत आली नाही. मोहाची फुले पहाटे गळतात. ऊन चढले की ती सुकतात, जनावरे खातात. म्हणून बाया अंधारातच जातात. खाली वाकून वेचणारे माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचे काही तरी वाटते. सरकारकडून पैसे मिळाले. हल्ली ती भरपाई पंचवीस लाख आहे, तेव्हा कमी होती. त्यातून भावाने घर बांधले.

मी विचारले, "कोणता वाघ होता तो? माया? सोनम?" पर्यटकांत वाघांना अशी नावे आहेत. माया नावाची वाघीण तर जगभर प्रसिद्ध होती. २०२१ च्या नोव्हेंबरात तिच्याच हल्ल्यात एक महिला वनरक्षक कामावर असताना मरण पावली, आणि २०२३ मध्ये मायाही गेली. तिच्या अवशेषांची तपासणी करून ओळख पटवावी लागली.

मामा म्हणाले, "वाघाले नाव तुमी देता, साहेब. आमच्याकडे तो नुसता वाघ."

*

तीनच्या सुमारास रानाचा आवाज बदलला. रातवा गप्प झाला. डावीकडून सांबराचा खणखणीत 'ढांक' असा इशारा आला, आणि पाठोपाठ चितळाची तीक्ष्ण शीळ. मामांनी माझ्या मनगटावर बोट ठेवले. मी पुतण्याच्या तोंडावर हात ठेवून त्याला जागे केले.

ती वाघीण कशी आली, ते आम्हा तिघांपैकी कोणालाही दिसले नाही. समोर रिकामा काठ होता, आणि पुढच्या क्षणी तेथे ती होती. वाळलेल्या पानांचा एवढा सडा, पण एकही पान वाजले नाही. चंद्रप्रकाशात तिचा पिवळा रंग दिसत नव्हता. राखाडी अंगावर काळे पट्टे तेवढे हालत होते. ती पाण्याशी आली, वळली, आणि मागे सरकत, शेपटीकडून पाण्यात उतरली. पाणी डोळ्यांत उडू नये म्हणून वाघ असा पाठीकडून पाण्यात बसतो, हे मी अनेकांना सांगत आलो होतो. पण तो बसताना दिसला, तेव्हा मला आठवली ती उन्हाळ्यात अंगणातल्या हौदात पाय सोडून बसणारी माझी आजी. तोच 'हुश्श'. ती वाघीण बावीस मिनिटे तशी बसली. आम्ही श्वास कसा घेतला, मला माहीत नाही.

पुतण्याने कॅमेऱ्याला हातही लावला नाही. मामांनी दोन्ही हात जोडले होते. ज्याच्या घरातले माणूस वाघाने नेले, तो मनुष्य वाघिणीला हात जोडत होता. मला वाटले, ही भीती असेल. पण भीतीने हात थरथरतात, हे अगदी स्थिर होते. आपल्याकडे शेताच्या बांधावर वाघोबाचे दगड असतात, त्यांना शेंदूर लावतात, कोंबडे देतात. तो आपला देव आणि तोच आपला शेजारी. शेजाऱ्याशी भांडण झाले म्हणून कोणी त्याच्या अंगणातून देव उचलून नेत नाही.

ती उठली, अंग झाडले, आणि ज्या बाजूला मामांचे गाव होते त्या बाजूला चालू लागली. मामांनी तक्त्यात लिहिले : ३ वाजून ४० मिनिटे, वाघ, मादी १. मग गावाच्या दिशेकडे बराच वेळ पाहत राहिले.

*

वाघ वाढले, ही आनंदाची गोष्ट आहे, आणि मी ती आनंदाचीच समजतो. २००९ साली ताडोबाला लागून लोहाऱ्याला उघडी कोळसाखाण यायची होती. तेव्हा चंद्रपुरात उपोषण झाले, लोक रस्त्यावर आले आणि तो बेत बारगळला. कोळशावर पोट असलेल्या गावाने कोळशाला नको म्हटले, ही साधी गोष्ट नव्हे. पण वाघाची पोरे वाढतात आणि जमीन वाढत नाही. दोन वर्षांची झाली की आईला सोडून ती स्वतःचे रान शोधायला निघतात. गाभ्यात बलवान नर बसलेले. मग बफर, मग ब्रह्मपुरी, मग वैनगंगा ओलांडून गडचिरोली. काही आमच्या वीज केंद्राच्या झुडपांत आले. तेथे डुकरे आहेत, पाणी आहे, आणि पाठलाग करणारा दुसरा वाघ नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या आवारात एका कामगाराला वाघाने मारले, आणि त्याच सुमारास दुर्गापुरात एका सोळा वर्षांच्या मुलाला बिबट्याने नेले. वसाहतीतल्या आयांनी संध्याकाळी मुलांना बाहेर सोडणे बंद केले. त्याच वर्षी मे महिन्यात वाघडोह नावाचा प्रचंड, म्हातारा नर चंद्रपूरजवळच्या सिनाळ्याच्या रानात मेला; एके काळी अर्धा ताडोबा त्याचा होता, आणि शेवटी तो खाणींच्या शेजारी येऊन पडला. पुढल्या ऑक्टोबरात गडचिरोलीकडे वडशाला एक वाघ पकडला, त्याच्या नावावर तेरा माणसे होती. २०२५ च्या मे महिन्यात तर सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडणाऱ्या तीन बायका एकाच दिवशी गेल्या.

उपाय कोणी करीत नाही असे नाही. जळणासाठी रानात जावे लागू नये म्हणून घरोघर गॅस दिला. काही गावांच्या वेशीवर वाघ ओळखणारे कॅमेरे आणि भोंगे लागले. २०२३ मध्ये इकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्याला नेऊन सोडल्या. मामांसारख्या शेकडो माणसांना जिप्सी, वाटाडेगिरी, उपाहारगृहे यांतून चार पैसे मिळू लागले. वाघ जिवंत राहिला तर आपली चूल पेटते, हे त्यांना कळते. पण चूल पेटवणारा आणि घर विझवणारा एकच असेल, तर माणसाने काय करावे, हे आम्ही त्यांनाच ठरवायला सांगतो. मुंबईला वीज पोचते तेव्हा तिच्याबरोबर राख जात नाही. ती इथेच राहते. पुण्याच्या पाहुण्याबरोबर वाघाचा फोटो जातो. वाघ इथेच राहतो.

सकाळी आठला आम्ही खाली उतरलो. चौकीवर मामांनी तक्ता जमा केला. चहा घेताना पुतण्या त्यांना म्हणाला, "मामा, पुढच्या वर्षी पुन्हा येणार. तुम्ही आता घरी जाऊन मस्त झोपा. रात्रभर जागलात."

मामा हसले. म्हणाले, "झोपतो नं. पण सांजेलोकच. आज दहा वाजतापासून आपली पारी आहे."

पुतण्याला ते कळले नाही. मी गाडीत त्याला समजावून सांगितले. ज्या वाटेने वाघीण गेली, त्याच बाजूला मामांचे वावर आहे, आणि आज रात्री त्यांना मचाण नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. इरईच्या पाण्यापलीकडे धुरांडी दिसू लागली, तेव्हा त्याने विचारले, "काका, त्यांना दिवसा वीज द्यायला नेमकी किती मेगावॅट लागेल?"

असा प्रश्न मला आजवर कोणत्याही पाहुण्याने विचारला नव्हता. घरी पोचल्यावर आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो.